मापांची वही

१

शनिवारी सकाळी वनमालानं दुकान उघडलं तेव्हा कुलूप शाबूत होतं. शटरवर ओरखडासुद्धा नव्हता. आत डोहाळजेवणाचे हिरवे शालू काचेच्या कपाटात होते तसेच टांगलेले होते. समोरून उघडणारे गाऊन, बाळाला पाजायच्या सोयीचे कुडते, सगळं जिथल्या तिथं. काउंटरवर लाल कापडात गुंडाळलेली मापांची वहीही रोजच्या जागी होती.

तिनं कापडाची गाठ सोडली, वही उघडली आणि पुढची पानं उलटत गेली.

वही कोरी होती.

पुठ्ठा तोच, जाडी तीच, पण दोनशे पानांवर एक अक्षर नव्हतं. वनमालानं खालचा खण ओढला. पुढच्या वर्षासाठी आणून ठेवलेली, अगदी तशीच दुसरी वही तिथं नव्हती. म्हणजे कुणीतरी ती कोरी वही लाल कापडात बांधून ठेवली होती आणि भरलेली वही घेऊन गेलं होतं.

बीडच्या एसटी स्टँडामागच्या गल्लीतलं हे दुकान उघडून दीड वर्ष झालं होतं. नवरा अपघातात गेल्यावर वनमाला घरी ब्लाऊज शिवायची. पोटुशी बायका नवऱ्याचे जुने शर्ट नाहीतर आईचे ढगळ गाऊन घालून दिवस काढतात, हे ती रोज पाहत होती. चार-पाच महिन्यांसाठी नवे कपडे कोण घेणार? म्हणून तिनं ते भाड्यानं द्यायचं ठरवलं. लोक हसले. दुसरीनं घातलेलं पोटुशीनं घालू नये, असंही काही जणींनी तोंडावर सांगितलं. पहिले दोन महिने एकही बाई आली नाही. मग तिनं ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी लांब बाह्यांचा, पोटावर सैल करता येणारा जाड सुती सदरा शिवला. साडीवर पुरुषाचा शर्ट चढवून फडात उतरणाऱ्या बायकांना तो पटला. त्यांच्यामागून शहरातल्या आल्या, मग मोठ्या घरच्या सुनाही.

प्रत्येकीची मापं त्या वहीत होती. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्याची. शेवटच्या रकान्यात बाळंतपणाची तारीख, कारण त्या दिवसापासून सव्वा महिन्यानं कपडे परत करायचे असत.

अशी वही गेल्याची तक्रार पोलीस ठाण्यात काय सांगायची, हे वनमालाला सुचेना. तिनं पलीकडच्या गल्लीतल्या सुरेखाताईंना फोन लावला. सुरेखाताई पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी महिला कक्षात काढली होती. गुडघ्यांमुळे हळू चालत त्या आल्या, स्टुलावर बसल्या आणि कोरी वही मांडीवर घेऊन तिची पानं चाळू लागल्या.

"गल्ल्याला हात लावलेला नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. पावत्यांचं पुस्तकही आहे."

"शालू एवढे भारी आहेत, ते तसेच. मग बायकांच्या पोटाची मापं कुणाला हवी होती?" त्यांनी वही मिटली. "ही वही तू शेवटची कधी वाचलीस? बांधलीस कधी ते नाही विचारत. वाचलीस कधी?"

वनमाला आठवू लागली आणि तिचा चेहरा उतरला. "गुरुवारी दुपारी. म्हणजे वाचणार होते. तुळजासाठी. पण वाचायची राहून गेली."

२

तुळजा पालीची. वय बावीस. नवरा उत्तरेश्वर आणि ती, दोघं मिळून ऊस तोडायचे. सातवा महिना सरेपर्यंत ती वनमालाचा सदरा घालून फडात होती. मग बाळंतपणाला आईकडे पालीला आली. मार्चमध्ये बीडच्या एका खासगी प्रसूतिगृहात ती बाळंत झाली आणि मूल पोटातच गेलं होतं, असं तिला सांगण्यात आलं. आठ दिवसांनी तिनं पाजायचा कुडता परत केला. सव्वा महिना थांबायचं तिला कारणच उरलं नव्हतं.

गुरुवारी ती पुन्हा आली होती, हातात काहीच नव्हतं.

"ताई, तुमच्या वहीत माझी तारीख आसंल," ती म्हणाली होती. "दवाखान्यानं कागद दिला न्हाई. मला सुई देऊन झोपवलं व्हतं, दोन दिवस शुद्ध न्हवती. आय बाहेर बसली व्हती, तिला आत येऊ दिलं न्हाई. तिला वार आठवतो तर तारीख आठवत न्हाई. मी आल्यावर तुमाला सांगितली व्हती, आता मार्च व्हता एवढंच माझ्या ध्यानात हाय."

"तारीख कशाला हवी गं आता?"

"अर्ज करायचाय. लेकरू मला दावलं न्हाई. कुटं पुरलं ते तरी सांगा म्हनाव."

दवाखान्याचं नाव सांगून ती भिंतीला टेकली. डोळ्यांपुढं अंधारी आली. वनमालानं तिला पडद्यामागं नेऊन बसवलं, पाणी पाजलं, तोंडावर हात फिरवला. दहा मिनिटं तरी गेली असतील. तोवर गावाला जाणारी काळीपिवळी जीप निघायची वेळ झाली. "वही पाहून फोन करते," असं सांगून वनमाला तिला रस्त्यापर्यंत सोडून आली. परत आल्यावर लग्नाला निघायची घाई होती. तिनं काउंटरवरची वही न उघडता लाल कापडात बांधली आणि शटर ओढलं. शुक्रवारी दुकान बंद होतं.

"तुळजा बोलत होती तेव्हा दुकानात कोण कोण होतं?" सुरेखाताईंनी विचारलं.

"तिघं. माझे दीर भागवतभाऊजी, जागा रिकामी करा म्हणून सांगायला आले होते. चंद्रभागाबाई, त्या आमचे कपडे धुतात, गठुडं न्यायला आलेल्या. आणि वर्षाराणी. नारायणगडाच्या रस्त्याला त्यांचं गाव आहे, आप्पांची मोठी शेती, राजकारणातलं घर. त्या आप्पांची ही सून. ती कपडे परत करायला आली होती."

"चाव्या कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक भाऊजींकडे. इमारत त्यांच्या नावावर आहे. आणि एक चंद्रभागाबाईंकडे. त्या पहाटे धुतलेले कपडे आणून ठेवतात."

"वर्षाराणीकडे नाही?"

"तिच्याकडे कशी असेल?"

सुरेखाताई उठल्या. "मग आधी चावीवाल्यांना भेटू."

३

भागवतनं त्यांना बसा म्हटलं नाही. खताच्या दुकानात तो उभा होता, उभाच राहिला.

"मी कावून वही नेऊ? मला ती वाचायचीसुद्धा लाज वाटल. घरची सून परक्या बायांची पोटं मोजत बसती, हे मला पटत न्हाई. हे मी वहिनीला तोंडावर सांगितलंय. चोरून करायचं आपल्याला येत न्हाई."

"चावी कुठं असते तुमची?"

"देवघरात, खिळ्याला. शुक्रवारी मी लातूरला गेलतो. इच्यारा कुणालाबी."

"विचारणार नाही. गुरुवारी वनमाला पडद्यामागं असताना तुम्ही काय पाहिलंत, एवढंच सांगा."

भागवत जरा सैल झाला. "काय पाहनार? चंद्रभागाबाई खाली बसून गठुडं बांधत व्हती, माझ्याकडं पाठ. आप्पांची सून काउंटरला टेकून लेकराला बाटली पाजत व्हती. मला म्हनली, भाऊ, बाहेर माझी गाडी आली का बघता का. मी बाहेर गेलो, गाडी समोरच उभी. परत आलो तर तिनं लेकरू काउंटरवर दुपट्यात गुंडाळून घ्यायला घेतलं व्हतं. मग ती गेली, मी बी गेलो."

"लेकरू तुळजानं पाहिलं?"

"पाहिलं की. आत जाताना एकदाच बघितलं आन् मान फिरवली. जिचं गेलंय तिला दुसरीचं कसं बघवंल, बाई?"

चंद्रभागाबाई बिंदुसरेच्या काठावर राहायच्या. त्या साठीच्या पुढच्या, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली. चोरीचं ऐकून त्या दारातच खाली बसल्या.

"मला वाचता येत न्हाई, बाई. वहीचं मी काय करू? चावी हाय म्हनून माझ्यावर आळ येनार, एवढं मला कळतंय. चाळीस वर्सं लोकांचे कपडे धुतले. आजवर कुनाचं बटन हरवलं न्हाई."

"आळ घ्यायला आले नाही मी. वर्षाराणीनं परत केलेले कपडे धुतले का?"

"न्हाई आजून. तसेच पडलेत. ते काय घान न्हाईत."

"घाण नाहीत म्हणजे?"

म्हातारीनं वनमालाकडे पाहिलं. सांगावं का सांगू नये, असं काहीतरी तिच्या मनात होतं. "ताई, मी हे कुनाला बोलले न्हाई. आपलं काम धुवायचं. पन बाळंतीनीचे कपडे माझ्या हातून किती गेले असतील. तेल, हळद, दूध, हे डाग जाता जात न्हाईत. ह्या पोरीनं सव्वा महिना पाजायचे कुडते वापरले, दुधाचा एक थेंब न्हाई. बरं, वरचं पाजत आसंल म्हनावं. पन पोटुशी असतानाच्या कुडत्याला आतून, कंबरेपाशी, पिनांची भोकं हायत. दोन्ही बाजूला रांगच्या रांग. पोटुशी बाई तिथं पिना कावून लावल?"

वनमालानं कोपऱ्यातल्या गठुड्यातून तो कुडता ओढून घेतला.

"आन् ती तुळजा," चंद्रभागाबाई पुढं म्हणाल्या, "तिचा कुडता तीनदा भिजवला मी. पुढून सगळा दुधानं कडक झालेला. जिचं लेकरू गेलं तिच्या कपड्यावर दूध, आन् जिच्या घरी पाळना हलतो तिच्या कपड्यावर थेंब न्हाई. मला त्या दिवशी जेवन गेलं न्हाई, बाई."

४

वर्षाराणीचा कुडता वनमालानं काउंटरवर उलटा करून पसरला. तिची एक रीत होती. कपडा सैल करताना ती प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका शिवणीजवळ घालायची. पाचव्या महिन्याचा हिरवा, सातव्याचा पिवळा, नवव्याचा लाल. कपडा परत येऊन धुतला गेला की मगच टाके उसवायचे.

"तू वाच," सुरेखाताई म्हणाल्या. "मला शिवणातलं कळत नाही."

वनमालाचं बोट पोटाच्या शिवणीवरून सरकलं. हिरवा, मग अडीच बोटं सोडून पिवळा, मग तेवढंच अंतर सोडून लाल. ती छातीवर आली. तिथं तिन्ही टाके एका रेषेत होते. दंडावरही एका रेषेत.

"पाचव्यापासून नवव्यापर्यंत छाती किती वाढते?"

"दीड-दोन इंच तरी. कुणाची जास्तच. पण ती मला हात लावू देत नव्हती, सुरेखाताई. लाज वाटते म्हणायची. छाती-दंडाचं माप ब्लाऊजवरून घ्या, तोच बसतो अजून, असं म्हणायची. पोटाची टेप मी तिच्या साडीवरूनच धरली. आधी दोनदा दिवस गेले आणि मूल राहिलं नाही, एवढं ठाऊक होतं. म्हणून मी जपून वागायची."

"काहींचं अंग भरत नाही, हे मी मानेन. वरचं पाजणाऱ्याही असतात. पण त्या भोकांना दुसरं कारण मला सुचत नाही. तिथं काहीतरी बांधलं होतं, आणि ते सरकू नये म्हणून पिना लावल्या होत्या."

"म्हणजे तिला दिवस गेलेच नव्हते?"

"नव्हते. आता वहीकडे ये. भागवतकडे चावी, चंद्रभागाबाईकडे चावी. त्यांना वही हवी असती तर बंद दुकानातून उचलून नेली असती. तिच्या जागी कोरी वही ठेवायची उठाठेव कोण करेल? ज्याला भीती असेल की तू परत येशील आणि काउंटरवर वही नाही हे लगेच बघशील, तो. म्हणजे अदलाबदल झाली तेव्हा तू पडद्यामागं होतीस. चंद्रभागाबाईंची पाठ होती. भागवतला तिनंच बाहेर पाठवलं, समोर उभी असलेली गाडी बघायला. कोरी वही उघड्या खणात होती. भरलेली वही तिनं दुपट्यात, लेकराच्या खाली घातली आणि तुझ्यादेखत निघून गेली."

वनमाला खुर्चीत बसली. "तिची मापं वाचून कुणाला संशय येईल म्हणून?"

"तसं असतं तर आधीच कधीतरी नेली असती. तिनं गुरुवारीच का नेली? गुरुवारी नवीन काय घडलं? एक बाई आली आणि तिनं आपली तारीख विचारली. तुळजाच्या तारखेची वर्षाराणीला भीती का वाटावी?" सुरेखाताईंनी विचारलं. "त्या वहीत वर्षाराणीची तारीख कोणती होती, आठवतं?"

"नाही आठवत." वनमाला पटकन उठली आणि भिंतीवरच्या फळीवरून एक पत्रिका काढली. बारशाची होती, सोनेरी कडांची. "जन्म नऊ मार्च, शनिवार."

"तुळजाच्या आईला वार आठवतो, म्हणाली ना ती?"

वनमालानं पालीला फोन लावला. पलीकडून तुळजाच्या आईनं घेतला. वनमालानं एकच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून फोन ठेवला.

"शनिवार," ती म्हणाली. "सुरेखाताई, त्या दोघी माझ्या दुकानात एकमेकींपासून हातभर अंतरावर होत्या. आणि ते लेकरू मधे होतं."

५

रविवारी सकाळी त्या दोघी आप्पांच्या घरी गेल्या. आप्पा एका लग्नाला गेले होते आणि घरातले पुरुषही. वर्षाराणीनं दोघींना माजघरात बसवलं. लेकरू झोळीत झोपलं होतं. तिनं चहा ठेवायला सांगितलं नाही, की काय काम काढलं असंही विचारलं नाही.

"वही आहे ना अजून?" सुरेखाताईंनी विचारलं.

वर्षाराणीनं झोळीची दोरी हातातून सोडली. मग आत गेली आणि वही घेऊन आली. पुठ्ठ्याची एक कड करपलेली होती.

"दोनदा चुलीपाशी नेली," ती म्हणाली. "एकदा कड पेटली. हातानं विझवली."

तिचा उजवा तळवा पोळलेला होता. त्यावर काही लावलंही नव्हतं.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" सुरेखाताईंनी विचारलं.

"मला सांगितलं होतं, एक गरीब बाई आहे, तिला नको आहे, ती स्वखुशीनं देते. डॉक्टर आप्पांच्या ओळखीचे. माझे दोनदा गेले होते, ताई. तिसऱ्यांदा राहीना. घरात यांच्या दुसऱ्या लग्नासाठी स्थळं यायला लागली, मी स्वैपाकघरात असताना, मला ऐकू येईल असं बोलून. मग आप्पाच म्हणाले की पोट दिसलं पाहिजे, गावाला दिसलं पाहिजे. चार महिने उशी बांधून फिरले. शेवटी शेवटी मला खरंच जड वाटायचं." ती खाली बसली. "गुरुवारी ती बाई दुकानात आली. दवाखान्याचं नाव घेतलं. मार्च म्हणाली. दाखवलं नाही म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग याच्याकडे बघितलं आणि मान वळवली. तेव्हा कळलं. स्वखुशीनं देणारी बाई कुठं पुरलं म्हणून विचारत नाही."

"आणि तरी वही नेलीत."

"नेली. भीतीनं नेली." तिनं डोळे पुसले नाहीत. "जाळता आली नाही. दोन दिवस त्याला पाजते आणि ती आठवते. तुम्ही आला नसता तर मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

वनमालानं वही उघडली. तिच्याच अक्षरात, एकाच पानावर, तीन ओळींच्या अंतरानं दोन नावं होती आणि शेवटच्या रकान्यात एकच तारीख. तिनं स्वतः लिहिली होती, आणि लिहिताना तिला काही वाटलं नव्हतं. एका बाईचं अभिनंदन केलं होतं, दुसरीला धीर दिला होता.

"आप्पा दुपारी येतील," वर्षाराणी म्हणाली. "त्यांच्या आधी निघू या. मी ठाण्यात सांगते सगळं. आप्पांसमोर मला बोलता येणार नाही." तिनं लेकराला झोळीतून उचललं, दुपट्यात घेतलं आणि पायात चप्पल घालून सगळ्यांच्या आधी अंगणात जाऊन उभी राहिली.

तिनं जबाब दिला. त्यात स्वतःचं नावही वगळलं नाही. आप्पांना आणि डॉक्टरला अटक झाली, प्रसूतिगृहाला सील लागलं. लेकराला शिशुगृहात ठेवलं, उत्तरेश्वरचं आणि तुळजाचं रक्त घेतलं. अहवाल यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात भागवतनं जागेचा विषय पुन्हा काढला नाही, पण दुकानाची पायरीही चढला नाही. आप्पांच्या ओळखीच्या घरांतल्या सुना यायच्या बंद झाल्या. वनमाला काउंटरवर बसून राहायची आणि जी येईल तिचं माप टेप धरून, नीट हात लावून घ्यायची.

अहवाल आला आणि बालकल्याण समितीनं लेकरू तुळजाच्या हाती दिलं, त्या दिवशी वनमाला आणि सुरेखाताई तिथं होत्या. वर्षाराणी जामिनावर होती. ती व्हरांड्यात, खांबाला टेकून उभी होती. तिला आत येता येत नव्हतं. तुळजा बाहेर पडली तेव्हा ती दोन पावलं पुढं आली आणि थांबली.

"डाव्या हातावर घेतलं की शांत झोपतो," ती म्हणाली.

उत्तरेश्वर पुढं निघाला होता, त्यानं मागं वळून पाहिलं. तुळजानं लेकरू उजव्या हातावरून डाव्या हातावर घेतलं आणि चालू लागली.

पालीला जायला त्यांनी रिक्षा केली. वनमाला त्यांच्यासोबत बसली. धरणाच्या रस्त्याला लागेपर्यंत लेकरू टकमका बघत होतं. मग त्याला नवी माणसं कळली असावीत. ते रडायला लागलं, लाल होऊन, मुठी आवळून. उत्तरेश्वर गांगरला. त्यानं खुळखुळा वाजवून पाहिला. वनमालानं हात पुढं केले.

"आण इकडं, मी बघते."

तुळजानं लेकराला छातीशी धरलं आणि मान हलवली.

"राहू द्या, ताई. रडू द्या त्याला," ती म्हणाली. "मला म्हनले व्हते, त्यो रडलाच न्हाई."